शेवटचा नंबर कुणाचा तरी असणारच

थंडीची चाहूल लागली की नागपुरात धावण्याच्या स्पर्धांचे फॉर्म भरायला सुरुवात होते. फुटाळ्याच्या काठावर, अंबाझरीच्या पाळीवर, सेमिनरी हिल्सच्या चढावर पहाटे भेटणाऱ्या मंडळींत मग एकच विषय असतो: यंदा पाच, दहा की एकवीस? दरवर्षी एका विशिष्ट तऱ्हेची माणसं मला हमखास भेटतात. वर्षभर नेमाने धावलेली, रविवारी आठ-नऊ किलोमीटर सहज पूर्ण करणारी, पण फॉर्मवर मात्र पाचवर खूण करणारी. कारण विचारलं की आवाज खाली येतो. "दहात सगळे फास्ट असतात. मी सगळ्यात शेवटी आली तर? लोकं काय म्हणतीन?"

असं उघड बोलतात त्या बहुधा चाळिशी-पन्नाशीतल्या बाया. पुरुषांच्या मनातही तेच असतं, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. मला दोघांनाही सांगायचं आहे की ज्या अंतराची तयारी झाली आहे, तेच अंतर निवडा. शेवटी येण्याच्या भीतीला तुमचा फॉर्म भरू देऊ नका. आणि ही भीती दूर करण्याची निम्मी जबाबदारी स्पर्धेच्या आयोजकांची आहे, हेही या निमित्ताने ठणकावून सांगायला हवं.

ही भीती शाळेच्या मैदानावरून आलेली आहे. फक्कीने आखलेले पट्टे, शंभर मीटर, आठ मुलं आणि तीन बक्षिसं. आठवा आला तो 'शेवटून पहिला', आणि वर्गात पुढचे आठ दिवस तेच नाव. ज्यांनी ते सोसलं त्यांच्यापैकी कित्येकांनी त्यानंतर आयुष्यात कधी पळून पाहिलं नाही. चाळिशीत डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालायला लागले, चालता चालता धावायला लागले, आणि स्पर्धेचं नाव निघताच पुन्हा त्या पट्ट्यावर जाऊन उभे राहिले.

पण रस्त्यावरची शर्यत त्या मैदानासारखी नसतेच. नागपुरात २०१८ साली सुरू झालेल्या लोकमत महामॅरेथॉनचं उदाहरण घ्या. कस्तुरचंद पार्कवर तीन, पाच, दहा आणि एकवीस अशा चारही अंतरांचे लोक जमतात. अशा मोठ्या स्पर्धांत सगळे एकदम सुटत नाहीत, तुकड्या-तुकड्यांनी सुटतात. एकवीसचा चपळ धावपटू आणि दहाची सावकाश येणारी बाई एकाच सुमाराला शेवटच्या कमानीतून आत येऊ शकतात. छातीवरच्या बिबचा, म्हणजे नंबराच्या कागदाचा, रंग बारकाईने पाहिल्याशिवाय कोण कितीचा आणि कोण कितवा, हे बघणाऱ्याला कळत नाही. प्रत्येकाची वेळ बिबमागची चिप मोजते, आणि ती वेळ त्याची त्यालाच हवी असते. बघे टाळ्या वाजवतात त्या समोर आलेल्या घामेजल्या माणसासाठी.

आपल्याच शहरातलं आणखी एक उदाहरण सांगतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत ११ दिवस, २१ तास, ११ मिनिटांत एकट्याने पूर्ण केली. पुढच्याच वर्षी ते मॉस्को ते व्लादिवोस्तोक या ट्रान्स-सायबेरियन शर्यतीत उतरले. अंतर ९,१०० किलोमीटरांहून जास्त, टप्पे १५, दिवस २५. निघाले सहा जण, पोचले तिघे, आणि त्या तिघांत समर्थ तिसरे. तिसरे म्हणा किंवा शेवटचे म्हणा, जागा एकच. नागपूरला त्यांचा अभिमान वाटतो तो पोचल्याचा. त्या शर्यतीत नंबराने भागणारं काही नव्हतंच. रशिया ओलांडून जाण्याची तयारी कुणाची आहे, एवढाच तिथला प्रश्न होता.

निकालपत्रक नीट वाचायची सवय लावून घेतली पाहिजे. शेवटच्या क्रमांकाखाली यादी संपत नाही. त्याखाली अर्ध्यात सोडलेले असतात, त्याखाली पैसे भरूनही सकाळी न आलेले असतात, आणि यादीच्या बाहेर अख्खं शहर असतं. दहाची तयारी असताना पाचवर खूण करणारी माणसं या यादीत कुठेच दिसत नाहीत. त्यांची हार कागदावर येत नाही, म्हणून तिची कुणी दखलही घेत नाही.

जगातल्या सर्वांत जुन्या लांब पल्ल्याच्या शर्यतींपैकी एक, दक्षिण आफ्रिकेतली 'कॉम्रेड्स', शेवटच्यांचा मान कसा राखावा हे दाखवते. पहिल्या महायुद्धात गेलेल्या साथीदारांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहम या माजी सैनिकाने १९२१ साली ती सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण धावले आणि १६ पोचले. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग यांच्यामधलं हे अंतर साधारण ९० किलोमीटरचं, मुदत बारा तासांची. आता भारतातूनही शेकडो लोक तिथे जातात. बारा तास भरत येतात तेव्हा मैदान रिकामं होत नाही, उलट श्वास रोखून उभं राहतं. मुदत संपल्याची बंदूक उडवणारा माणूस धावपटूंकडे पाठ करून उभा असतो, कुणाचं पाऊल आत आणि कुणाचं बाहेर हे पाहून त्याचा हात अडखळू नये म्हणून. अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांना जे पदक मिळतं, त्याला संस्थापक क्लॅपहमचंच नाव दिलेलं आहे. म्हणजे ज्याने शर्यत सुरू केली त्याचं नाव सर्वांत संथ तासाला. इतका विचार आपल्याकडच्या आयोजकांनी करावा, अशी माझी फार इच्छा आहे.

आता "माझ्यासाठी सगळे खोळंबतील" या दुसऱ्या भीतीबद्दल. त्यासाठीच तर कट-ऑफ, म्हणजे वेळेची मुदत असते. ती मुदत आयोजकांनी दिलेला शब्द आहे, आणि त्या शब्दाचे पैसे तुम्ही भरलेले असतात. मुदतीच्या आत तुम्ही रस्त्यावर असणं हा तुमचा हक्क आहे, कुणावर लादलेला त्रास नव्हे. सायकलवाल्यांच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब अंतर पूर्ण करण्याच्या फेरीत, २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि नंबर काढलेच जात नाहीत. सात तासांत येणारा आणि साडेतेराव्या तासाला पाच मिनिटं कमी असताना येणारा, दोघांचंही नाव सारख्याच मानाने लागतं.

म्हणून अंतर ठरवताना हिशोब करा. भरभर चालणारा माणूस तासाला सहा किलोमीटर जातो, म्हणजे दहा किलोमीटरला त्याला एक तास चाळीस मिनिटं लागतात. दहाची मुदत पावणेदोन तास असेल, तर केवळ भरभर चालूनही ती गाठता येते. तुम्ही तर निम्मं अंतर धावणार आहात. एकवीसचं गणित मात्र वेगळं आहे. खरं अंतर २१.१ किलोमीटर. त्याच चालीने तीन तास एकतीस मिनिटं लागतील, आणि मुदत साडेतीन तासांची असेल तर एका मिनिटाने चुकेल. तिथे नुसत्या हौसेवर भागत नाही.

हे सांगणं भाग आहे, कारण लोकलाजेचं दुसरं टोकही मी दर मोसमात पाहतो. ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "हाफ कधी मारता, भाऊ?" आणि दहाची तयारी असलेला गडी एकवीसचे पैसे भरून मोकळा होतो. चौदाव्या किलोमीटरला पोटऱ्या आखडतात आणि गाडीत बसून परत यावं लागतं. पाचवर खूण करणाऱ्या ताई आणि एकवीसवर खूण करणारे हे भाऊ, दोघांचंही अंतर लोकांनी ठरवलेलं असतं.

माझी कसोटी साधी आहे. दहासाठी नाव द्यायचं तर आधीच्या महिन्यात सात-आठ किलोमीटर एका दमात झालेले असावेत आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रडू येऊ नये. एकवीससाठी सोळा ते अठरा किलोमीटरच्या निदान एक-दोन लांब धावा हव्यात. लांब धावेत तुम्हाला एका किलोमीटरला सरासरी किती वेळ लागला ते घ्या, अंतराने गुणा, शेवटच्या टप्प्यातल्या थकव्यासाठी दहा-पंधरा मिनिटं वाढवा आणि मुदतीशी ताडून पहा. मुदत बंदुकीपासून मोजणार की तुम्ही रेषा ओलांडल्यापासून, हेही आधी विचारून घ्या. मागच्या तुकडीत असाल तर त्यात दहा मिनिटांचा फरक पडतो. साखर, रक्तदाब, हृदयाची तक्रार असेल तर डॉक्टरांचा शब्द अखेरचा. एवढं जुळलं की अंतर ठरलं. या हिशोबात इतर लोक किती वेगाने धावतात याला कुठे जागाच नाही.

आता आयोजकांकडे वळतो. एका स्पर्धेत पाहिलेलं सांगतो. मुदत संपायला अजून वीस मिनिटं होती. पाण्याच्या टेबलावरचे जार उपडे झाले होते, टेबलं मिटली होती, पोरं रस्त्यावरचे कोन गोळा करून टेम्पोत टाकत होती. कमानीतली हवा काढली होती. चिपची चटई गुंडाळून भिंतीला टेकवलेली. मंचावर सत्कार रंगला होता आणि माइक तिकडेच होता. अशात दहाचं बिब लावलेल्या एक काकू वळणावर आल्या आणि टेम्पोजवळच्या पोराला विचारू लागल्या, "इकडूनच जायचं नं, बेटा?" त्या मुदतीच्या आत आल्या, पण त्यांची वेळ कुठेच नोंदली गेली नाही.

हा त्यांचा अपमान तर आहेच, शिवाय धोकाही आहे. नागपुरात फेब्रुवारीत आठ-साडेआठनंतर ऊन लागायला लागतं. पहिला येणारा गारव्यात धावून मोकळा होतो, शेवटचा येणारा सर्वांत जास्त वेळ रस्त्यावर असतो आणि नेमका उन्हात असतो. पाण्याची, सावलीची, डॉक्टरची खरी गरज त्याला असते, आणि आपण नेमकं तेच त्याच्या आधी गुंडाळतो. तोवर वाहतूकही सुरू झालेली असते.

म्हणून मागणी अशी की प्रत्येक अंतराची मुदत फॉर्मवरच ठळक छापा. शेवटचं टेबल, घड्याळ, चटई आणि कमान मुदत संपेपर्यंत हलवू नका. नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला पुरतील इतकी पदकं ठेवा. सत्कार उशिरा सुरू करा. आणि 'पार्करन'वाल्यांची एक पद्धत उचला. २००४ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या त्यांच्या पाच किलोमीटरच्या उपक्रमात एक स्वयंसेवक ठरवून सर्वांच्या मागे चालतो, त्यामुळे शेवटचा नंबर कायम त्याचाच असतो. आपल्याकडे मागून ॲम्ब्युलन्स येते. ती हवीच, पण तिच्या इंजिनाचा आवाज ऐकत एकट्याने धावण्यापेक्षा सोबतीला एक बोलणारा माणूस असला तर पाय पुढे पडतात.

हे सगळं होईपर्यंत थांबायचं का? मुळीच नाही. मागे गर्दी असली तरच आयोजकांना मागच्यांची व्यवस्था करावी लागेल. दहाची तयारी असलेली प्रत्येक ताई पाचकडे वळते तेव्हा दहाची मागची रांग आणखी विरळ होते, आणि पुढच्या वर्षी तिथे उभं राहणाऱ्या दुसरीची भीती आणखी वाढते. तुम्ही दहावर खूण केलीत तर शेवटचा नंबर कदाचित तुमचा येईलही, कुणाचा तरी तो येणारच आहे. पण तुमच्यामुळे आणखी चार जणींना तिथे उभं राहण्याची हिंमत येईल. तयारी झाली असेल तर या आठवड्यात फॉर्म भरा, आणि भरताना दहावर खूण करा.