कँडलस्टिक शोकेसमध्ये, समई मोडीत!



इंग्लंडात आल्यावर आपल्यापैकी काहींना जे नवे छंद जडले, त्यातला एक म्हणजे रविवारी कार बूट सेलला जाऊन जुन्या पितळी कँडलस्टिक हुडकणं. छंद चांगला आहे. आम्हालाही आहे. मात्र थोडी माहिती असावी, म्हणजे फसगत होत नाही.

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इथले कारागीर कँडलस्टिकचा दांडा पोकळ करू लागले. दोन उभे अर्धे भाग ओतायचे आणि डाख देऊन जोडायचे. अशा दांड्यावर तोंडाची वाफ सोडली की सांध्याची बारीक उभी रेघ उमटते. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस पोकळ दांडा अखंड ओतायची पद्धत आली. जाणकार त्या रेघेसाठी जादा पौंड मोजतात.

दुसरी गोष्ट चकाकीची. आम्ही पडलो रसायनशास्त्राचे, म्हणून सांगतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंच-लिंबानं वरचा काळा थर जातो खरा, पण आंबट फार वेळ राहिलं तर जस्त आधी सुटतं आणि तांबूस डाग उरतात. पॉलिशातल्या बारीक पुडीनं दर खेपेला थोडा धातू झिजतो, नक्षीच्या कडा बोथट होतात. जुन्या वस्तूला कोमट साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

आता मुद्द्यावर येतो. इथल्या कँडलस्टिकची किंमत वय आणि घडण पाहून ठरते. आपल्या घरची समई मात्र तराजूत पडते! जुनं घर सुटतं, फ्लॅटमध्ये जागा नसते, आणि फोनवर कळतं की आजीची भांडी मोडीत घातली, भाव बरा आला. आपणही 'बरं झालं' म्हणतो. आपली धातुविद्या काही कमी नव्हती. जस्ताची वाफ करून ते गोळा करायच्या कृतीचं पेटंट ब्रिस्टलच्या विल्यम चँपियननं १७३८ साली घेतलं. राजस्थानात जावरला ते काम त्याआधी काही शतकं चालू होतं.

परक्याच्या दांड्यावरची रेघ आपण ओळखतो. मग आपल्या समईच्या बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव कुणाचं, ते आपल्याला ठाऊक नसावं का?

आमचं म्हणणं एवढंच. देशातल्या घरी आजच कळवा, विचारल्याशिवाय काही मोडीत घालू नका. मोडीचे जे पैसे आले असते ते आपण पाठवावेत. एका कँडलस्टिकच्या पैशात हे सहज जमेल. समईचा आणि कोरलेल्या नावाचा फोटो मागवा, कुणी कुणाला दिली ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू मात्र बॅगेत घालून आणू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. ती तिथेच एखाद्या भावंडाकडे राहू द्या. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे मुलांना जरूर दाखवा. एका माणसानं घरोघरची जुनी वस्तू मोलाची मानली, म्हणून ते आज पाहायला मिळतात.

कँडलस्टिक खुशाल जमवा. पण आधी एक फोन घरी करा.