मोजलेला डोंगर

९ ऑक्टोबर हा उत्तर इटलीतल्या वायोंत धरणाच्या दुर्घटनेचा स्मृतिदिन. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री १० वाजून ३९ मिनिटांनी मोन्ते तोक या डोंगराचा सुमारे २७ कोटी घनमीटरचा भाग मिनिटभराच्या आत जलाशयात कोसळला. धरणावरून उसळलेल्या लाटेने खालचे लोंगारोने गाव धुऊन नेले. टीव्हीवर युरोपियन कपचा फुटबॉल सामना असल्याने गावातली हॉटेले गजबजलेली होती. सुमारे दोन हजार माणसे गेली. २६१ मीटर उंचीचे धरण मात्र आजही उभे आहे.

हा घाला अकस्मात पडला असता तर दैवाला दोष देऊन मोकळे होता आले असते. पण हा डोंगर तीन वर्षे मोजला जात होता. पहिल्यांदा पाणी भरत असतानाच, १९६० च्या नोव्हेंबरात, उतारावर सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग पडली. हा सारा उतार म्हणजे पूर्वी कधीतरी घसरलेली जुनी दरडच आहे, असे भूवैज्ञानिक एदोआर्दो सेमेंझा सांगत होते. धरणाचे रचनाकार कार्लो सेमेंझा यांचेच ते चिरंजीव. गावकऱ्यांची भीती छापणाऱ्या पत्रकार तीना मेर्लिन यांच्यावर तर खोट्या बातम्या पसरवल्याचा खटला भरला गेला. त्या निर्दोष सुटल्या.

पाणी चढवले की डोंगर सरके, उतरवले की थांबे. १९६२ च्या अखेरीस दिवसाला सेंटिमीटरभराहून अधिक असलेली हालचाल पातळी खाली आणताच जवळजवळ बंद पडली. लगाम आपल्या हाती आहे, असा अभियंत्यांचा ग्रह झाला. पुढच्या सप्टेंबरात पातळी आणखी वर नेल्यावर वेग पुन्हा वाढला. या खेपेला पाणी उतरवूनही तो कमी होईना. शेवटच्या दिवशी तो २० सेंटिमीटरवर गेला. आदल्या दिवशी तोकवरची वस्ती हलवण्याचा हुकूम निघाला होता. लोंगारोनेला कोणी उठवले नाही.

खडकांच्या थरांमध्ये चिकणमातीचे पातळ पदर होते. जलाशय भरला की पाणी आत मुरते, थरांमधला दाब वाढतो आणि डोंगराची पकड सुटू लागते. पाणी झपाट्याने उतरवले तर बाहेरचा आधार जातो, आतला दाब मात्र लगेच ओसरत नाही. म्हणजे भरणे आणि रिकामे करणे, दोन्हींत धोका. चीनमध्ये यांगत्सेवरचे थ्री गॉर्जेस धरण जून २००३ मध्ये प्रथम भरले आणि जुलैत काठावरची छिएनच्यांगपिंगची दरड कोसळून २४ जण दगावले. न्यूझीलंडने क्लाइड धरण भरण्याआधी मात्र काठच्या जुन्या दरडींतून निचऱ्याचे बोगदे खणले. डोंगरातले पाणी आधी काढले, मगच जलाशय भरला.

आज साधनांची वानवा नाही. विंधनछिद्रातली उपकरणे आतला दाब आणि सरक मोजतात. ३० जुलै २०२५ ला सोडलेला, इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह १२ दिवसांत दोनदा त्याच जागेवरून जातो आणि सेंटिमीटरभराची हालचालही टिपू शकतो. वाढत्या वेगाचा आलेख काढून कोसळण्याच्या दिवसाचा अदमासही बांधता येतो. वायोंतच्या नोंदींना ही रीत नंतर लावून पाहिली, तर ती बऱ्यापैकी जुळली.

उणीव आहे ती निर्णयाची. उत्तराखंडातले टिहरी धरण २६०.५ मीटर उंच. त्याच्या जलाशयाची पातळी वर्षभरात कित्येक मीटर वरखाली होते आणि काठच्या गावांतून घरांना तडे गेल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. अशा प्रत्येक जलाशयाच्या नोंदी जिल्हा प्रशासनाला आणि काठच्या, तसेच धरणाखालच्या ग्रामपंचायतींना नियमित मिळाल्या पाहिजेत. किती वेगाला पातळी रोखायची आणि किती वेगाला गावे रिकामी करायची, हे धरण भरण्याआधी लेखी ठरले पाहिजे. आणि तो हुकूम देण्याचा अधिकार, भरलेल्या धरणातून ज्याची कमाई होते त्याच्या हाती ठेवता कामा नये.