शिवारात ऊन उदंड, तरी गरोदर बाईला ‘ड’ जीवनसत्त्व कमी

‘साहेब, आमची बाई दिवसभर उन्हात खुरपते, तिला कसली आलीय उन्हाच्या जीवनसत्त्वाची कमतरता?’ पीक पाहणीला गेलो की असा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडा विचार करू.

‘ड’ जीवनसत्त्व ऊन कातडीवर पडल्यावर शरीरात तयार होते. पण रानात बाईच्या डोक्यावर पदर आणि साडीवर लांब बाह्यांचा जुना शर्ट असतो. ऊन कपड्यावर पडते, कातडीवर नाही. सावळ्या कातडीला तर ऊन जास्त वेळ लागते. सकाळचे कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, पण त्यात उपयोगाचे किरण फार कमी. भाकरी-कालवणातून हे जीवनसत्त्व जवळपास मिळतच नाही. अंड्याचा बलक आणि मासे यांत थोडे असते.

आता साखरेचा संबंध पाहा. गरोदरपणात वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा जोर कमी पडतो आणि काही बायांची साखर वाढते. ‘ड’ कमी असले की हा धोका वाढतो का, याचा अभ्यास आपल्या शेजारच्या कर्नाटकात, म्हैसूरला झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. ५५९ गरोदर स्त्रियांपैकी ६६ टक्के स्त्रियांत ‘ड’ कमी होते, मात्र गरोदरपणातल्या मधुमेहाशी त्याचा संबंध दिसला नाही. पुढे २०११ साली त्यांच्याच मुलांची माहिती आली. ‘ड’ कमी असलेल्या आयांच्या मुलांच्या दंडात स्नायू कमी होते आणि साडेनऊ वर्षांच्या वयात इन्शुलिनला शरीराची दाद कमी होती. म्हणजे नुकसान आईत दिसले नाही तरी लेकरात दिसू शकते.

मग सगळ्यांना मोठ्या मात्रेची पुडी किंवा इंजेक्शन द्यावे काय? नाही. माती परीक्षण न करता युरिया ओतण्यासारखेच ते झाले. ‘ड’ जास्त झाले तर रक्तात कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडाला इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये सरसकट सर्व गर्भवतींना हे जीवनसत्त्व वेगळे देण्याची शिफारस केलेली नाही. मोठी मात्रा डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यावी.

करण्यासारखे जे आहे ते गावातच आहे. केंद्र शासनाच्या २०१४ च्या सूचनांप्रमाणे चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या द्यायच्या आहेत. प्रत्येक गोळीत २५० युनिट ‘ड’ असते. ती जेवणासोबत घ्यावी. लोहाची गोळी निदान दोन तास अंतर ठेवून. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. गोळ्या वाटल्याची नोंद वहीत होते, पण खाल्ल्या का हे कोण पाहते? कित्येक घरी पाकिटे फडताळात तशीच पडलेली असतात.

दुसरी गोष्ट साखरेची तपासणी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा जास्त आली तर उपचार लागतात. पहिल्या भेटीत एकदा आणि ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासणी करायची असते. दुसरीच बहुधा राहून जाते, कारण तेव्हा सुगीची घाई असते.

घरच्यांनाही एक सांगणे. धार काढली की सगळे दूध डेअरीला घालू नका. दुधात ‘ड’ नाममात्र असले तरी कॅल्शियम आणि प्रथिने भरपूर; पेलाभर गर्भवतीसाठी ठेवा. उन्हाळ्याचा तडाखा टाळून दिवसाच्या उन्हात थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून तिला अंगणात बसू द्या.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी पुढच्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारावेत : गावातल्या किती गर्भवतींची दुसरी साखर तपासणी झाली, आणि किती जणी गोळ्या खरोखर खातात? गाईच्या गाभणकाळाची तारीख आपण भिंतीवर लिहून ठेवतो. सुनेच्या तपासणीची तारीखही त्याच भिंतीवर लिहायला काय हरकत आहे?