कोरडा दिवस कशासाठी?

फुलपाखराप्रमाणे डासाचे आयुष्यही चार अवस्थांचे असते : अंडे, अळी, कोष आणि पूर्ण वाढलेला डास. त्यांपैकी पहिल्या तीन अवस्था पाण्यावर अवलंबून असतात. डेंग्यूला आळा कोठे घालावयाचा, हे यावरून उमगते.

डेंग्यू पसरविणारी एडिस डासाची मादी घरातील साठविलेले, स्वच्छ पाणी पसंत करते. भांड्याच्या आतील ओलसर भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ती अंडी चिकटविते. ही अंडी कोरडी पडली तरी अनेक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात. म्हणून पिंप नुसते रिकामे करून भागत नाही. त्याची आतील बाजू घासणीने खरडून घासावी लागते.

अळी डोके खाली करून पाण्याच्या पृष्ठभागाशी लोंबकळते व मागील टोकाच्या नळीने श्वास घेते. कात टाकत वाढून तिचा स्वल्पविरामासारखा कोष होतो. तो काहीच खात नाही; दोन-तीन दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. उबदार हवेत हा सारा प्रवास साधारण ७ ते १० दिवसांत पुरा होतो. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यास सांगतात, तो याच हिशेबाने.

त्या दिवशी कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, फुलदाणी, पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे हे सारे पाहावे. ज्येष्ठांनी मात्र जड पिंप उचलू नये, स्टुलावर चढू नये. ते काम घरातील तरुणांनी करावे.

एवढे करूनही ताप आलाच, तर उतारवयात तो फारसा चढेलच असे नाही. थकवा, भूक मंदावणे, गोंधळलेपण यांकडेही लक्ष द्यावे. मनाने आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असल्यास ते परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. ताप उतरल्यावरचे पहिले दोन दिवस अधिक जपण्याचे असतात. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे किंवा ग्लानी, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

उडणारा डास शोधणे कठीण, पाण्यातली अळी मात्र डोळ्यांना दिसते. तिला तेथेच गाठावे.