फटफटी आणि आम्ही मुली

(द्वितीय वर्ष कला)

आपल्या कॉलेजच्या आवारात दुचाकी ठेवण्यासाठी दोन शेड आहेत. 'मुलांसाठी' व 'मुलींसाठी' अशी पाटी तिथे कोणीही लावलेली नाही. पण मुख्य दाराजवळच्या शेडमध्ये स्कूट्या आणि मागच्या शेडमध्ये मोटारसायकली, ही वाटणी आपण सर्वांनी न सांगता मान्य केलेली आहे. माझी अडचण अशी की मी मुलगी, आणि माझी गाडी आबांची जुनी स्प्लेंडर. पुढच्या शेडमध्ये लावली तर मैत्रिणी म्हणतात, "कोणाची गं ही गाडी, इथे कशी?" मागे लावली तर मुले म्हणतात, "भाऊ सोडून गेला का?" पहिले सहा महिने मी ती चिंचेखाली लावत होते.

वाचकहो, हा काही फार मोठा प्रश्न नव्हे, हे मलाही कळते. दुष्काळ आहे, कापसाचा भाव आहे, बेकारी आहे. आपल्या वार्षिक अंकात त्या विषयांवर दरवर्षी चांगले लेख येतात. परंतु माझ्यापुरते सांगायचे तर, आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि त्या पायरीपर्यंत मी फटफटीवरूनच आले आहे. म्हणून हा विषय.

आमचे गाव पारोळा तालुक्यात, हमरस्त्यापासून आत. २०२१ च्या अखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत होते. तो संप पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या काय होत्या आणि त्या किती रास्त होत्या, यात मी शिरत नाही. मी पाहिले ते एवढेच, की वर्गातील मुले कोणाच्या ना कोणाच्या गाडीवर मागे लटकून शाळेत पोहोचत होती आणि आम्ही मुली कोणाच्या मागे बसायचे यावर घरोघर चर्चा चालली होती. चुलतभावाच्या मागे चालेल, शेजारच्याच्या मागे चालणार नाही, दोघी बसल्या तर चालेल. आमच्या गावच्या दोघींची शाळा त्या हिवाळ्यात सुटली ती सुटलीच. एकीचे लग्नही झाले. शासनाने मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत दिला आहे आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट केले आहे. या दोन्ही गोष्टींबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण जी गाडी येतच नाही तिचे अर्धे तिकीट काढायचे कसे? आमच्या फाट्यावर संध्याकाळी सहानंतर काहीही थांबत नाही.

अकरावीत असताना भाऊ सुरतेहून सुट्टीवर आला. त्याच्या मागे लागून मी गाडी शिकले. कापूस निघून मोकळ्या झालेल्या आमच्या वावरात तीन दिवस गाडी बंद पाडली, एकदा बांधावर पाडली, पायाला सायलेन्सरचा चटका बसला, त्याचा डाग आजही आहे. चौथ्या दिवशी क्लच हळूहळू सोडण्याचे मर्म हाताला कळले. त्यानंतर अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत आबांनी मला वावराबाहेर गाडी काढू दिली नाही. तेव्हा त्यांचा राग आला होता. आज वाटते, ते बरोबरच होते.

लायसनच्या टेस्टच्या दिवशी मैदानावर आम्ही बऱ्याच मुली होतो. गिअरची गाडी माझी एकटीचीच. रांगेतले एक काका आबांना म्हणाले, "पोरीला कशाला त्रास देता? बिगरगिअरचे लायसन काढा, सोपे असते." इथे मैत्रिणींना एक माहिती द्यावीशी वाटते. दुचाकीच्या लायसनमध्ये गिअरविना आणि गिअरसह असे वेगवेगळे वर्ग असतात. गिअरसह काढले तर स्कूटीही चालवता येते, गिअरविना काढले तर मोटारसायकल चालवता येत नाही. तरीही आपण बहुतेक जणी पहिलेच काढतो आणि भाऊ दुसरे काढतात. अठराव्या वर्षी एका कागदावर ही गोष्ट ठरून जाते, आणि पुढे घरातली मोटारसायकल दारात उभी असूनही आपण रिक्षाची वाट पाहत बसतो.

"मुलींना मोटारसायकल झेपत नाही, जड असते," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की शेवटी मी वजनेच पाहिली. आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या स्प्लेंडरचे वजन ११२ किलोच्या आसपास आणि ज्या अॅक्टिव्हावर सगळ्या ताया, मावश्या फिरतात तिचे १०६ किलोच्या आसपास. फरक सहा किलोंचा, म्हणजे डोक्यावरच्या अर्ध्या हंड्याचाही नाही! आमच्या माय-काकू दोन-दोन हंडे घेऊन विहिरीवरून येत होत्या तेव्हा झेपण्याची चिंता कोणी केल्याचे ऐकिवात नाही. खरा फरक आहे तो उंचीत. मोटारसायकलची बैठक नऊ-दहा सेंटीमीटर वर असते आणि बुटक्या मुलीचे पाय टेकायला अडचण येते. ही अडचण मी मान्य करते, कारण ती माझीही आहे. मी एकच पाय टेकते. पण मोटारसायकलचे चाक मोठे असते, अठरा इंची. स्कूटरचे दहा-बारा इंची चाक ज्या खड्ड्यात बसते तो खड्डा मोठे चाक ओलांडून जाते. आमच्या पांदीतून पावसाळ्यात गेलेल्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. म्हणजे खेड्यातल्या मुलीला ज्या गाडीची गरज जास्त, तीच तिची नव्हे असे ठरले आहे.

स्कूटरला मी नावे ठेवते आहे असे कृपया समजू नये. १९७२ साली निघालेल्या लूनाने आणि १९८४ च्या कायनेटिक होंडाने शहरातल्या किती स्त्रियांना नोकरीच्या दारापर्यंत नेले असेल! आमच्या भागातल्या कितीतरी आशाताई आणि शिक्षिका आज स्कूटीवरच फिरतात. माझे म्हणणे इतकेच की घरात दुसरी गाडी घेण्याची ऐपत असेल तेव्हा मुलीसाठी स्कूटी येते. ज्या घरात एकच गाडी आहे त्या घरात ती मोटारसायकल असते, आणि तिची किल्ली पुरुषाच्या खिशात असते.

कायद्याची एक गंमत सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२३ वा नियम मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याची काळजी घेतो. हाताला धरायला पकड, पाय ठेवायला जागा, आणि मागचे चाक निम्मे तरी झाकणारी जाळी, म्हणजे कपडे चाकात अडकू नयेत. नियमात स्त्री हा शब्द नाही. लोकांनी मात्र त्या जाळीला 'साडीगार्ड' हे नाव दिले. जाळी आवश्यकच आहे, तिच्यामुळे कित्येकींचे प्राण वाचले असतील. पण मोटारसायकलच्या सबंध रचनेत बाईसाठी म्हणून जी एक वस्तू आहे, ती मागच्या सीटच्या बाजूला आहे!

जगाचा इतिहास पाहिला तर ही रड आपलीच नाही. १९१६ साली अमेरिकेत ऑगस्टा आणि ॲडेलिन व्हॅन ब्यूरेन या दोघी बहिणी मोटारसायकलींवरून पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेल्या. (त्यांच्या गाड्यांचे नाव होते 'इंडियन'. वाचून उगीचच बरे वाटले.) युद्धात निरोप पोहोचवण्याचे काम स्त्रियाही करू शकतात हे त्यांना दाखवायचे होते. वाटेत त्यांना पकडले ते पुरुषी कपडे घातले म्हणून. आणि एवढा खंड ओलांडल्यावरही सैन्याने ॲडेलिनचा अर्ज नाकारलाच. आपल्या देशात मात्र २०१८ च्या प्रजासत्ताकदिनी सीमा सुरक्षा दलाच्या 'सीमा भवानी' पथकातील मुलींनी राजपथावर मोटारसायकलींची प्रात्यक्षिके केली. महाराष्ट्रात २०११ साली पुण्यात 'द बायकर्नी' हा केवळ स्त्री मोटारसायकलस्वारांचा गट निघाला. पुण्याच्याच रमिला लटपटे २०२३ साली गेटवे ऑफ इंडियापासून नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. त्यांचे फोटो मी मोबाईलवर जपून ठेवले आहेत.

तरीही एक गोष्ट मनात खटकते ती स्पष्टच लिहिते. गुढीपाडव्याला गिरगाव-डोंबिवलीच्या शोभायात्रेत फेटा बांधलेल्या, नथ घातलेल्या स्त्रिया बुलेटवरून जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांची छायाचित्रे सर्व वर्तमानपत्रांत येतात. कौतुक होते. गावातले ज्येष्ठ लोकही ते छायाचित्र पाहून "वा!" म्हणतात. तेच लोक मंगळवारी सकाळी मला दुधाच्या किटल्या लावून जाताना पाहिले की तोंड फिरवतात. सणाच्या दिवशी फटफटीवर बसलेली बाई ही शोभा असते. रोज कामासाठी बसलेली बाई ही कोणाची तरी आगाऊ पोरगी असते. त्या शोभायात्रेतल्या स्त्रियांचा यात काहीच दोष नाही. त्यांच्यातल्याही कित्येकींना घरी भांडावे लागले असेल. पण दीड-दोन लाखांची गाडी, कातडी जाकीट आणि रविवारची रपेट म्हणजेच 'रायडर', अशी जी समजूत झाली आहे, तिच्यात आमच्यासारख्यांना जागा नाही.

किटल्यांचा उल्लेख आला म्हणून सांगते. गेल्या वर्षी आबांचा पाय मोडला. भाऊ सुरतेला. दोन म्हशींचे दूध थांबून राहणार नव्हते. पहिल्या दिवशी मी किटल्या लावून निघाले तेव्हा ओट्यावरच्या आजी ओरडल्या, "माय वं! आंडेर फटफटी लई उनी!" आणि फाट्यावर एकाने विचारले, "कोनी आंडेर शेस तू?" मी आबांचे नाव सांगितले. "पोऱ्या नही का घरमा?" एवढे म्हणून तो गेला.

दोन भरलेल्या किटल्या लावल्या की गाडीचा तोल बदलतो. वळणावर दूध हिंदकळते आणि ते हिंदकळणे आपल्याला आपल्या बाजूला ओढते. हे कोणी शिकवत नाही. मला शिकवले ते डेअरीवर येणाऱ्या इतर दूधवाल्यांनी. आधी आठवडाभर ते माझ्याशी बोललेच नाहीत. मग एका थंड सकाळी गाडी सुरूच होईना, तेव्हा एका दादांनी न बोलता प्लग काढला, पॉलिशपेपरने घासला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू लाव. उद्या मी नसेन." पेट्रोलचा नळ रिझर्व्हवर कधी फिरवायचा, चेन किती सैल ठेवायची, समोरून ट्रक प्रखर दिवा टाकत आला तर नजर डाव्या कडेला कशी धरायची, हे सर्व त्या लोकांनी दिले. आता ते रस्त्यात दिसले की हॉर्न देऊन हात वर करतात. मी पण करते. पुण्या-मुंबईचे क्लब कसे असतात हे मी पाहिलेले नाही. माझा क्लब हा असा आहे, आणि त्यात मी एकटीच मुलगी आहे.

भीतीबद्दल न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. धुळे-जळगाव रस्त्यावर अपघातात गेलेल्या माणसांची नावे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. मी हेल्मेट घालते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा स्कार्फ, सनकोट आणि त्यावर हेल्मेट म्हणजे डोके चुलीत घातल्यासारखे होते, तरी घालते. ओढणी गाडीवर कधीही घेत नाही. यावरून घरात एकदा बोलणी खाल्ली, पण चाकाला लाज-लज्जा कळत नाही. रात्रीची मी एकटी निघत नाही, आणि तसे न निघणे मला आवडत नाही, हेही इथे नोंदवून ठेवते.

मागच्या महिन्यात घरी पाहुणे आले होते. कशासाठी ते सुज्ञ वाचकांनी ओळखावे. चहा झाल्यावर त्यांतल्या एकाने आबांना हळूच विचारले, "पोरगी फटफटी चालवते म्हणे?" माझ्या पोटात गोळा आला. आबा माझी बाजू घेतील असे वाटले होते. ते म्हणाले, "पाय मोडला होता ना माझा, म्हणून." एवढेच. पाहुण्यांचे समाधान झाले. माझे झाले नाही. आबांचा पाय तर केव्हाच बरा झाला आहे आणि दूध अजूनही मीच नेते. अडचण होती म्हणून चालवली, हे लोकांना चालते. येते म्हणून चालवते, हे आबांनाही चारचौघांत म्हणता आले नाही. त्यांच्यावर मी रागावलेले नाही. पण त्या दिवसापासून आमच्यात हा विषय निघालेला नाही.

माय मात्र बदलते आहे. बाजाराच्या दिवशी ती माझ्यामागे बसते. आधी डोळे मिटून, देवाचे नाव घेत बसायची. आता रस्त्यातल्या लोकांना हाका मारते. गेल्या आठवड्यात गाडी ओसरीपुढे स्टँडवर उभी होती. ती लुगडे सावरून पुढच्या सीटवर चढली, इकडेतिकडे पाहिले आणि मला म्हणाली, "तो क्लच म्हणतीस, तो यातला कोणता?" मी डाव्या हाताकडे बोट दाखवले. तिने तो चार-पाच वेळा दाबून पाहिला. मग आबांची चाहूल लागली, आणि ती उतरून म्हशींकडे गेली.