दोन रात्रींची बोट

आमच्या स्टाफरूममध्ये सध्या मुंबई-गोवा क्रूझचा विषय आहे. दोन रात्री, तीन दिवस. क्रूझ म्हणताच हरामचा शिक्का मारून मोकळे होणाऱ्यांतली मी नाही. कॅसिनोत जायची सक्ती कुणावर नसते. आणि दोन दिवस चूल नाही, भांडी नाहीत, हे सुख काय असतं ते आम्हा बायकांना विचारा!

माझा राग वेगळा आहे. याच पाण्यातून पूर्वी कोकणची बोट जायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला. बोट लागून माणसं ओकायची, पडावातून भिजत किनाऱ्याला यायची, पण घरी पोचायची. विमान न परवडणारे हाजीसुद्धा १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजानेच गेले. आताच्या क्रूझला यातलं एकही कोकणी बंदर नको. रात्री गाणी वाजवत ती आमच्या गावांवरून निघून जाते.

माझे अब्बा खलाशी होते, दहा-दहा महिने घरी नसत. क्रूझवर ताटं उचलणाराही कुणाचा तरी अब्बाच, आणि सुट्टी तुमची असते, त्याची नव्हे.

जा बायांनो, जरूर जा. फक्त परत आल्यावर वर्गात मुलांना ‘समुद्रप्रवास केला’ असं सांगू नका.