पहाडावर कोणता देव आहे?



दिवाळीनंतर इंझोरीच्या बचत गटाची बैठक होती. कर्जाचे हप्ते, मागच्या महिन्याची शिल्लक असं नेहमीचं आटोपल्यावर मी सहज विचारलं, की या वर्षी गटाची सहल काढायची तर कुठे काढायची? मला वाटलं, पोहरादेवी नाहीतर माहूर. तोंडं त्याच दिशेला वळलीही होती. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली, चाळिशीची एक शेतमजूर बाई म्हणाली, "ताई, मले पहाडावर जा लागते. चिखलदऱ्याले. नुसतं चालाले."

सगळ्याजणी हसल्या. मग तिच्या शेजारणीने प्रामाणिकपणे विचारलं, "पर तिथं देव कोन्ता हाय?"

मला तो प्रश्न तेव्हा गमतीचा वाटला होता. नंतर तीन महिने तोच प्रश्न मला सासवांनी, नवऱ्यांनी, एका पोलीस पाटलाने आणि एका लॉजच्या व्यवस्थापकाने वेगवेगळ्या शब्दांत विचारला, तेव्हा गंमत संपली.

आपल्याकडे बाई डोंगर चढत नाही असं नाही. माहूरला रेणुकेच्या, वणीला सप्तशृंगीच्या पायऱ्या बायकाच जास्त चढतात. सह्याद्रीतलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. त्याच्या माथ्यावरही देवीच आहे आणि नवरात्रात आसपासच्या गावांतल्या बायका लुगड्याचा काष्टा खोचून तिथे जातात. म्हणजे पायात बळ आहे, उंचीची भीती नाही. फक्त सोबत नवस लागतो. देवीचं नाव घेतलं की घरचे टेम्पोत बसवून देतात. झाडं बघायची आहेत, वारा खायचा आहे असं म्हटलं, की घरात चूल कोण पेटवणार याची आठवण सगळ्यांना होते.

आपली भाषाही बघा. पुरुष "फिरतीवर" असतो, तो "चार गावं हिंडलेला" असला की शहाणा ठरतो. बाईला मात्र "हिंडते" म्हटलं की शिवी झाली. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांविषयी २०११ साली पुस्तक लिहून मांडलं, की बाईला रस्त्यावर काही काम नसताना रेंगाळण्याचाही हक्क हवा. शहरातल्या मैत्रिणींना ते पटलं. इंझोरीत मी हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाली, "इथं तं कामासाठी चालूनच पाय दुखतात." खरं आहे. पाण्याला, सरपणाला, शेताला रोज कोसभर चालणाऱ्या बाईला चालण्याची हौस कशी असेल, असं आपणच धरून चालतो. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मीही माणसाच्या गरजांची उतरंड पाठ केली होती. त्यात करमणूक अगदी शेवटी, आणि बाईची करमणूक तर तिथेही नाही. चिखलदऱ्याचा हट्ट धरणाऱ्या त्या बाईने ती यादी वाचली नव्हती हे बरं झालं.

तारीख ठरवायला दोन बैठका गेल्या. कापसाची वेचणी सुरू होती, तूर सोंगायची होती, एकीच्या घरी लग्न, एकीच्या मुलीची बारावी. शेवटी तूर घरात आल्यावर, फेब्रुवारीतले दोन दिवस निघाले. अकराजणी तयार झाल्या. त्यातल्या सहाजणींची दोन दिवसांची मजुरी बुडणार होती, हे लिहून ठेवते. सहलीचा खर्च मांडताना तिकीट, जेवण, मुक्काम एवढंच आपण मांडतो. बुडालेला रोज मांडत नाही.

गाडी करायची का, असा प्रश्न निघाला. जीप करायची तर भाडं परवडत नव्हतं. आणखी एक अडचण होती. जीप म्हणजे ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर गावातला म्हणजे दोन दिवसांची सगळी हकीगत संध्याकाळी पारावर. म्हणून एसटी. इंझोरीहून कारंजा, कारंजाहून अमरावती, अमरावतीहून परतवाडा, परतवाड्याहून घाट चढून चिखलदरा. चार गाड्या.

१७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. या सवलतीला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात: बायका उगाच फिरायला लागल्या, गाड्यांत जागा उरली नाही. उगाच फिरायला लागल्या असतील तर मला आनंदच आहे. अकराजणींमधल्या चौघींनी सांगितलं, की अर्धं तिकीट नसतं तर घरात विषयच काढला नसता.

पण या सवलतीतली एक मेख लक्षात ठेवा. अर्धं तिकीट एसटीत मिळतं, काळी-पिवळीत नाही. ज्या गावाला गाडीच जात नाही, किंवा सकाळी जाते आणि संध्याकाळी परत नसते, तिथल्या बाईसाठी ती सवलत कागदावरच राहते. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा संप झाला तेव्हा खेड्यापाड्यातल्या मुलींच्या शाळा-कॉलेजचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास हातात, आणि फाट्यावर गाडी नाही. म्हणून आपण बायकांसाठी सवलत मागतो तशी फेरीही मागायला हवी. डोंगराच्या पायथ्याच्या गावाला संध्याकाळची गाडी मिळाली तर ती सहलीला आलेल्या बायकांना घेऊन येईल, आणि त्याच गाडीने त्या गावची मुलगी कॉलेजातून घरी पोचेल.

या भागातल्या जुन्या माणसांना आणखी एक वाट आठवते. मूर्तिजापूरहून दोन अरुंद मापाचे लोहमार्ग फुटत. एक कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाई, दुसरा अचलपूरला, म्हणजे थेट गाविलगडच्या डोंगराच्या पायथ्याशी. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. लोक तिला शकुंतला म्हणत. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, नंतर डिझेल आलं. अचलपूरचे ७६ किलोमीटर कापायला ती चार-चार तास घेई, पण भाडं गरिबाला झेपणारं होतं. पुढे तीही बंद पडली. आमच्यातली एक आजी लहानपणी तिच्यातून मामाच्या गावी जायची. "चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा चढाचे," असं ती सांगते. तिच्या सांगण्यात किती खरं नि किती मीठमसाला ते विचारू नका.

दूर कुठे, इंग्लंडात, मँचेस्टरकडचे गिरणी कामगार सुटीच्या दिवशी धुरातून सुटायला डोंगरात जात. डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले. २४ एप्रिल १९३२ रोजी काहीशे तरुण मनाई मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चढले आणि पाचजणांना त्यापायी तुरुंग झाला. फिरण्याच्या हक्कासाठी कामगारांनी तुरुंगात जावं हे आम्हा चळवळीतल्या लोकांना चटकन समजत नाही. भाकरीचा प्रश्न सुटल्यावर बाकीचं, अशी आपली सवय.

परतवाड्याहून गाडी घाटाला लागली तशा बायका खिडकीला चिकटल्या. दोघींना ओकाऱ्या झाल्या, लिंबू आणि पिशव्या बरोबर होत्याच. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. उतरल्याबरोबर गार वारा लागला आणि एकजण मोठ्याने म्हणाली, "आता मले कोनी हाक मारू नका." मग ती खरंच एकटी पुढे चालू लागली.

मुक्कामाचं आधी विचारलेलं होतं. पण त्या लॉजवर पोचलो तर व्यवस्थापकाने रजिस्टर उघडून विचारलं, "सोबत जेन्ट्स कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर खोल्या भरलेल्या निघाल्या. अकरा आधार कार्डं टेबलावर होती, त्यांचा उपयोग झाला नाही. शेवटी ओळखीच्या एका कार्यकर्तीने प्रशिक्षणाचा हॉल उघडून दिला. सतरंजीवर झोपलो. थंडीने कुडकुडलो, आणि रात्री बारापर्यंत गाणी म्हटली.

दुसऱ्या दिवशी गाविलगडावर पायी गेलो. गावापासून फार लांब नाही. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला भोसल्यांकडून घेतला, वगैरे मी वाचून गेले होते. बायकांनी ते ऐकून घेतलं, पण त्यांचं लक्ष किल्ल्यातल्या तळ्यांकडे होतं. एवढ्या उंचावर पाणी कसं टिकतं, उन्हाळ्यात आटतं का, गडावरच्या बायका ते किती लांबून नेत असतील, यावर अर्धा तास चर्चा झाली. वाटेत सरपणाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या कोरकू बायका भेटल्या. त्यांनी आम्हाला विचारलं, "कशाला आल्या?" नुसतं चालायला, असं सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की मोळ्या खाली टेकवाव्या लागल्या. त्या हसण्याने मी जरा वरमले. आमच्या बायका मात्र वरमल्या नाहीत. त्यांनी मोळीचं वजन उचलून पाहिलं, भाव विचारला आणि डब्यातल्या पोळ्या दिल्या.

परतताना घाई झाली ती शेवटच्या गाडीसाठी. शेवटची गाडी ही बाईच्या प्रवासाची खरी हद्द असते. हिरकणीची गोष्ट आठवा. रायगडावर दूध विकायला गेलेली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, म्हणून अंधारात कडा उतरली. एसटीने आपल्या निमआराम गाडीला तिचं नाव दिलं, बसस्थानकांवर बाळाला पाजायच्या खोल्यांनाही हिरकणी कक्ष म्हणतात. खोल्या हव्यातच. पण हिरकणीचं कौतुक झालं ते ती घरी परतली म्हणून. सूर्योदय बघायला ती गडावरच राहिली असती तर तिच्या नावाचा बुरूज झाला असता का, असं मी गाडीत विचारलं. शेजारी बसलेली ती चिखलदऱ्याची हट्टी बाई म्हणाली, "पोराले घेऊनच जायचं होतं ना तिनं वर."

आपल्या गटांना एक विनंती. पुण्याच्या मैत्रिणी महापालिकेच्या बसने सिंहगडाच्या पायथ्याशी जातात, मुंबईकडच्या लोकलने कसाऱ्याला उतरून पुढे एसटी किंवा जीपने बारी गाठून कळसूबाई चढतात, नेरळहून छोट्या गाडीने माथेरानला, जिथे मोटारींना बंदीच आहे. बाकीच्या जिल्ह्यांचं असं कुठे एकत्र लिहिलेलं नाही. तुमच्या तालुक्यातल्या डोंगराबद्दल एक पोस्टकार्ड टाका. पायथ्यापर्यंत गाडी जाते का, परतीची शेवटची किती वाजता, स्थानकावरच्या बायकांच्या संडासाला कडी आणि पाणी आहे का, पुरुष सोबत नसताना कोण मुक्कामाला जागा देतं. वेळा आगाराच्या चौकशी खिडकीवर विचारून मगच लिहा. पुढच्या अंकात दोन पानं त्यासाठी राखली आहेत.

इंझोरीच्या गटाने पुढच्या वर्षासाठी माहूर ठरवलं आहे. रेणुकेचं दर्शन पहिल्या दिवशी, आणि दुसरा दिवस नुसता गड फिरायला. घरी मात्र दोन्ही दिवस दर्शनाचेच सांगायचे, असं बहुमताने ठरलं. मी विरोधात मत दिलं होतं.